यिनफाँगचा हात

यिनफाँग लाउ गोंगबेइच्या बाजारात तीस वर्षं खारी मासळी विकत होती. तिथून मकाऊ या जुगाराच्या शहराची वेस चालत वीस मिनिटांवर, पण तिनं कधी ती ओलांडली नव्हती. बापानं तिकडं होडी घालवली होती आणि नवऱ्यानं निम्मं आयुष्य. "त्या गावाचं पाणीसुद्धा नको," असं ती मकाऊहून आलेल्या गिऱ्हाइकालाही तोंडावर सांगायची.

पण उद्या सकाळी सिउमानचं, एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं, आणि पोरीचा बाप तीन दिवस गायब. लग्नाच्या सकाळी नवरानवरी गुडघे टेकून आईबापाला चहा देतात. "मला रिकाम्या खुर्चीपुढं गुडघे टेकायला लावू नकोस, आई," एवढंच पोरगी म्हणाली. यिनफाँगनं मासळी झाकली आणि निघाली.

मकाऊत नवरा नेहमी जायचा ते जुगाराचं हॉटेल बघूनच तिनं नाक मुरडलं. छताला रंगवलेलं आभाळ, त्यात कायमची सकाळ. सिगारेटचा वास मारायला फवारलेलं अत्तर, त्यापेक्षा तिची मासळी बरी. सगळीकडं सोन्याचा मुलामा, आणि त्याखाली आंघोळ न केलेली, डोळे तांबारलेली माणसं. गालिचा मात्र इतका मऊ की तिच्या दुखऱ्या टाचांना बरं वाटलं. एका पोरीनं दुधाचा चहा फुकट दिला, तो तिनं प्यायला, वर दुसरा मागून घेतला. मग स्वतःचाच राग आला.

नवरा, माक क्वोकहुंग, पत्त्यांच्या टेबलाशी सापडला. नशीब लागावं म्हणून लाल मोजे घालून बसला होता.

"म्हाताऱ्या, ऊठ. उद्या पोरीचं लग्न आहे."

"माहितेय. हा डाव झाला की आलोच."

"तुझा डाव माझ्या लग्नापासून चाललाय."

टेबलाभोवतीची माणसं हसली. क्वोकहुंग पत्ता कोपऱ्यातून उंदरासारखा कुरतडत, हळूहळू मुडपत बघू लागला. यिनफाँग जुगाऱ्याची लेक होती. खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावला की त्याचं नशीब पळतं, हे तिला चालता येण्याआधी शिकवलं होतं; एकदा विसरली तेव्हा बापानं मुस्काटात दिली होती. हरला तर उठेल, असा सरळ हिशेब करून तिनं त्याच्या खांद्यावर आख्खा हात ठेवला.

शेजारचा टकल्या ओरडला, "ओ मावशी, मारलंत की त्याला!"

क्वोकहुंगनं पत्ता उलटला. नऊ, या खेळातला सगळ्यात मोठा आकडा. जिंकला.

मग जे झालं त्याची तिला किळस आली. टकल्यानं आपला खांदा पुढं केला. एका दागिने घातलेल्या बाईनंही केला. "सोन्याचा हात आहे हो तुमचा!" नवऱ्यानं उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. उभ्या जन्मात त्यानं असं काही केलं नव्हतं. "माझी बायको आहे," तो सगळ्यांना सांगत होता. "बस, म्हातारे. ठेव हात."

तिनं ठेवला. आता तरी हरेल, असं मनाशी म्हणत ठेवला. तो पुन्हा जिंकला, आणि मागं वळून तिच्याकडं बघून लहान पोरासारखा हसला. तिसऱ्यांदा हात ठेवताना तिच्या लक्षात आलं की त्यानं हरावं असं आता तिला वाटतच नव्हतं. ती ताडकन उठली. हात बंडीला पुसला, पुन्हा पुसला.

"कुठं चाललीस? आत्ता तर लागलंय!" तो म्हणाला. त्याचे डोळे पत्त्यांवरच होते.

बाहेर खऱ्या उन्हात येऊन तिनं लेकीला फोन लावला.

"मिळाले बाबा?"

"मिळाला."

"हरलेत ना?" सिउमाननं आशेनं विचारलं.

"नाही गं," यिनफाँग म्हणाली. "जिंकतोय."

पलीकडं पोरगी रडायला लागली.