म्युरियलच्या जॅमची चव

म्युरियल गार्स्टँगनं ज्यातला माणूस मारला नाही असं घर आमच्या ओल्डर्टनमध्ये शोधून सापडणार नाही. ती लिहिते त्या खुनाच्या पुस्तकांत मारला, म्हणजे. खाटीक मेला, चर्चचा पेटीवाला भर प्रार्थनेत मेला. कुणी रागावलं नाही. पोस्टातली एडना तर आपला नंबर कधी लागणार म्हणून रुसून बसलेली. फक्त एक पंचाईत होती. म्युरियलची माणसं बहुतेक खाण्यापिण्यातल्या विषानं मरत. त्यामुळे तिनं केक पुढं केला की गाव पोटावर हात ठेवून आत्ताच जेवल्याचं सांगे.

लंडनच्या पेपरातल्या कौतुकाचं तिला काही नव्हतं. तिला हवं होतं ते ऑगस्टच्या जत्रेतल्या जॅमच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस. सासूला मिळालं होतं, शेजारच्या डोरीनलाही मिळालं होतं. म्युरियलची बरणी मात्र परीक्षक उघडत, वास घेत, ‘रंग झकास’ म्हणत आणि पुढं सटकत. भितात मेले, नाहीतर पहिला नंबर माझाच, असं ती मला दरसाल सांगायची.

यंदा परीक्षक पलीकडच्या गावचा थ्वेट. त्याचाही चमचा तोंडाशी येऊन थबकला. मी मागं चहाच्या किटलीपाशी होते.

म्युरियल म्हणाली, “थ्वेटसाहेब, माझ्याच नावाच्या बरणीत इख घालाया मी काय येडी हाय व्हय?”

मंडप हसला. थ्वेटला ते पटलं असावं. त्यानं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि घाईनं पाणी मागितलं. तशी पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं उठून उभी राहिली.

“इख न्हाई बाई,” तो ओठ पुसत म्हणाला. “पर बुडाला करपलाय. आन् साखर येवढी, की प्लम हुडकाया लागतंय.”

बक्षीस पुन्हा डोरीनला गेलं. म्युरियल बाहेर आली. तिचा नवरा ॲल्फ बाकावर आइस्क्रीम खात बसला होता. ती त्याच्याशेजारी टेकली.

“ॲल्फ, तू रोज टोस्टाला लावून खातूस. करपाट लागतो का रं?”

“लागतो की.”

“मग इतकी वर्सं बोलला न्हाईस ते?”

ॲल्फनं कोन चाटून सारखा केला.

“बायकूच्या सैपाकाला नावं ठेवणारा नवरा,” तो म्हणाला, “तुझ्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणाच्या फुडं जगल्याचं माझ्या तरी वाचनात न्हाई.”