तीन दारांचं आंदण

आमच्याकडे बहिणीच्या आंदणात लोखंडी आलमारी आधी ठरते, नवरदेव नंतर. वडील गेल्यावर फुलचूरच्या घरात थोरला मी, म्हणून धाकटीचं आंदण माझ्या अंगावर आलं. पण चारचौघांसारखी आलमारी देईन तर तो मी कसला!

गोंदियाच्या एका दुकानात ते कपाट पाहिलं. तीन दारं, मधल्याला आरसा, खाली किल्लीचा कप्पा, आणि सगळं दोन चपट्या खोक्यांत. दुकानदार म्हणाला, "भैया, पीढ़ियाँ निकल जाएँगी, हिलेगा नहीं." घरी पोचेपर्यंत मी त्या पिढ्यांच्या सात केल्या. चौकात सांगितलं, की दुकानात या फळीवर हत्ती नाचवून पाहिला. हत्तीचा पाय मुरगळला. फळी कसली, दाबलेला भुसा, वर सागाच्या रंगाचा कागद. मला ते दिसलं नव्हतं असं नाही. एका कोपऱ्यात कागद सुटला होता, तो मी थुंकी लावून चिकटवला.

बहिणीला कपाटापेक्षा कप्पा आवडला. तिचं डी.एड. झालेलं. अर्जुनी मोरगावला तिच्या सासरी अकरा माणसं, आणि सगळ्यांच्या वस्तू सगळ्यांच्या. शिक्षकभरती निघाली की अर्ज करायचा, तोवर आपले कागद कुणाचा हात न लागता राहावेत, एवढंच तिला हवं होतं.

"दादा, किल्ली माह्याजवळच राहीन ना?"

"तुह्याजवळच. डाकू आले तरी चहा पिऊन परत जातीन!"

आता माझी अक्कल ऐका. आंदण मांडवात मांडावं लागतं. पाहुणे जेवून उठतात आणि एकेका वस्तूवर टिचकी मारून पाहतात. त्यांना काय खोकी दाखवू? म्हणून आदल्या दिवशी मी कपाट जोडून मांडवात उभं केलं. अर्धं फुलचूर त्या आरशात केस विंचरून गेलं. लाउडस्पीकरवर मीच पुकारलं, "बहिणीच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकणारं कपाट!" लग्न लागलं, मग सगळे स्क्रू काढले, फळ्या पुन्हा खोक्यांत भरल्या, पॅसेंजरनं अर्जुनीला नेल्या आणि तिथं दुसऱ्यांदा जोडल्या. भुशाची फळी स्क्रूला एकदाच धरते. दुसऱ्यांदा पिळला, तर भोकातून रवा गळावा तसा भुसा गळला. मी भोकांत आगपेटीच्या काड्या कोंबल्या आणि वरून स्क्रू दाबले.

"गच्च बसलं काय?" बहिणीनं विचारलं.

"पहाडासारखं."

त्यात जमीन सारवणाची. दर आठवड्याला सासूचा ओला हात कपाटाच्या पायापर्यंत फिरायचा. पावसाळ्यात मागच्या धानाच्या बांधीचं पाणी भिंतीत चढायचं. दोन पावसाळ्यांत तळाची फळी चहात बुडवलेल्या टोस्टासारखी फुगली आणि दारं लोंबायला लागली. मी दर राखीला पक्कड, तार नि गोंद घेऊन जायचो.

सासू म्हणायची, "काऊन भाऊ, राखी बहिणीची का कपाटाची? आल्या आल्या त्यालेच भेटता!"

"फळी फुगून राहिली म्हणजे लाकूड जिवंत आहे, मावशी. पुढच्या साली पालवी फुटते पाहा."

ओसरी हसायची. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. बहीण मात्र एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, कप्पा अडकून राहिला. जोर लावला की निघते. कागद पेटीत ठेवू काय?"

पेटी घरातल्या सगळ्यांची. आणि कागद बाहेर निघाले, की कपाट गेलं हे अर्जुनीभर होणार. मी म्हणालो, "कायले? ऊन पडलं की सुटते."

तिनं ऐकलं. मी थोरला ना!

पुढच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. भरतीत नाव लागलं होतं. "उद्या गोंदियाले कागद दाखवाचे आहेत, आन् कप्पा निघूनच नाही राहिला."

दुपारच्या गाडीनं गेलो. ओढला, तर पुढची फळी मुठीसकट हातात आली आणि कप्पा आत तसाच. शेवटी कुऱ्हाडीनं फोडला. आत वाळवीची माती, आणि मातीत कागदांची एक ओली ढेप. एका तुकड्यावर शिक्क्याची अर्धी गोलाई दिसत होती. बहिणीनं ढेप पदरात घेतली आणि नखानं एकेक पान सुटतं का ते पाहायला लागली. टोमणे मारणारी सासूसुद्धा हळूच म्हणाली, "चुलीजवळ धर वो बाई, सुकतीन."

मला गप्प राहवेना. "नवे काढून आणतो. मोठा साहेब आपल्याच ओळखीचा आहे, एका फोनात—"

असा कोणी साहेब नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "आता बोलू नको."

दुसऱ्या प्रती मी मिळवल्या. सात महिने चपला झिजवल्या. एरवी सात वर्षं सांगितली असती. तोवर तिच्या जागी दुसरीचं नाव लागलं होतं. पुढची भरती निघता निघता तिचं वय निघून गेलं. ते कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या घरी आहेत. दर राखीला विचारतो, "घेऊन येऊ काय?"

"काय करू त्याचं? आन् ठेवाले जागा कुठं आहे?" असं म्हणते आणि माझ्या ताटात भात वाढते.