एकट्या ताऱ्यातलं अंतर

माझी बायको जुबेदा सौदीतल्या दम्मामच्या एका इस्पितळात नर्स आहे. मी उस्मान, मूळचा राजापूरकडचा, इथं मोटारीच्या पार्टांचं दुकान चालवतो. लोकांच्या बायका सोनं घेतात, हिनं छोटी दुर्बीण घेतली. गच्चीवरून ही जोडतारे मोजते. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा तारा दुर्बिणीत दोन होतो, त्या दोघांतलं अंतर. वर्षानुवर्षं मोजलं की ते एकमेकांभोवती कसे फिरतात ते कळतं म्हणे.

यंदा आमच्या गच्चीवर तारे बघणाऱ्या हौशी लोकांचा गट जमला. म्होरक्या उन्मेष, बडा इंजिनियर. सगळ्यांनी कॅस्टर नावाचा जोडतारा मोजायचा आणि अहवाल परदेशातल्या मासिकाला पाठवायचा. जुबेदाचा सगळा जीव त्यात. एवढी वर्षं मोजलेलं एकदाचं छापून येणार होतं. तिची अट एकच: जुना आकडा बघायचा नाही, आपला कुणाला सांगायचा नाही, चिठ्ठी घडी करून खजुराच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

शेवटच्या दिवशी ती ड्युटीवरून थेट वर आली. मगरिबच्या नमाजानंतर दुर्बीण लावली आणि दमलेल्या बाईनं कॅस्टरऐवजी शेजारचा पोलक्स धरला. तो दुर्बिणीतही एकटाच दिसतो. त्यात अंतर मोजणार काय, कप्पाळ! पण एकेकानं डोळा लावला, "वा, क्या बात है" म्हटलं आणि चिठ्ठी टाकली. शेवटी हिची पाळी.

"या अल्ला! चुकलंच माझं, हा तर पोलक्स!"

तिनं डबा उघडला. प्रत्येक चिठ्ठीवर कॅस्टरचं अंतर, इंटरनेटवर असतं तस्संच. शी! म्हणजे इतके दिवस ही माणसं मोबाइलमधूनच तारे मोजत होती.

उन्मेषला लाज वाटली असेल म्हणता? छे! माझ्याच घरचा चहा ढोसत म्हणाला, "भाभी, एवढं काय मनावर घेता? आकडा तर बरोबर आहे ना?" मला अशी किळस आली की त्याच्या हातातला कप हिसकावून घ्यावासा वाटला.

जुबेदा एवढंच म्हणाली, "असलं पाठवणार असाल तर माझं नाव नको."

तेवढं मात्र त्यानं लगेच ऐकलं. नाव काढलं, आणि नावाबरोबर तिची सगळी मोजमापंही. इतरांशी जुळत नव्हती म्हणे.

अहवाल छापून आला. त्यात सगळ्यांची नावं आहेत. कॅस्टर जिनं खरोखर मोजला होता ती एक बाई तेवढी नाही.