ते दोघं परत बदलले का

मागच्या वर्षी रोज संध्याकाळी साडेसातला एक विनोदी मालिका लागायची. एक नवरा-बायको सकाळी उठतात, तर तो तिच्या शरीरात आणि ती त्याच्या. मग तिच्या रूपातला तो स्वयंपाक करतो आणि त्याच्या रूपातली ती ऑफिसला जाते. मालिका फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरात ती कोणी चुकवत नव्हतं.

आम्ही मौद्याला राहतो. बाबा वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे फिटर आहेत. मी बसने नागपूरला कॉलेजात जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ज्याचं उत्तर कोणालाच येत नाही ते मला विचारतात.

एका भागात त्या नवऱ्याच्या हातून चहाचं दूध उतू गेलं. बाबा खूप हसले.

"हसून काय राहिले? तुमाले तरी येते काय?" आई म्हणाली.

"त्यात काय येवाचं आहे? हे दोघं परत बदलत नाही तोवर सकाळचा चहा माह्याकडे. शब्द."

शुक्रवारपर्यंत ते बदलतील असा बाबांचा अंदाज होता. बाबा शब्द मोडत नाहीत. एका देवळात नवस बोलले म्हणून त्यांनी वांगं सोडलं आहे, आणि वांगं त्यांना फार आवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "किती मिनिटं?"

"उकळला की काढाचा."

"मिनिटं सांग."

आईला सांगता येईना. मग त्यांनीच मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावला. चहा काळा झाला.

आई एरवी सगळ्यांना चहा देऊन, डबे भरून, उरलेला गार चहा उभ्यानेच पिते. त्या दिवशी ती दारात पाय पसरून बसली. पहिल्याच घोटाला तिची जीभ पोळली.

"एवढा गरम राहते काय?" ती म्हणाली. बाबांना ती तक्रार वाटली.

शुक्रवार गेला. आणखी दोन आठवडे गेले. मग एका सोमवारी साडेसातला गाण्याचा कार्यक्रम लागला. मंगळवारीही तोच. मालिका बंद झाली होती, आणि ते दोघं अजून एकमेकांच्या शरीरातच होते.

"असं अर्धवट कसं सोडते?" बाबा म्हणाले. "तू कॉलेजात आहे, पाह्य जरा."

मी वाहिनीला ईमेल केला. तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं, असं उत्तर आलं.

"म्हंजे बदलले का नाही?"

"ते नाही लिहिलं."

दोन महिने सात मिनिटांचा गजर वाजत राहिला. एक दिवस पारडीजवळ बस अडकली असताना मला मोबाइलवर एक भाग सापडला. टीव्हीवर कधी न दाखवलेला, शेवटचा. त्यात घरातले दिवे जातात, परत येतात, आणि दोघं आपापल्या शरीरात.

मी चार दिवस काहीच बोलले नाही. रोज सकाळी आई दारात बसलेली दिसायची. आता ती आधी फुंकर घालायची, मग प्यायची. दहा मिनिटं कोणी तिच्याकडे काही मागत नव्हतं. मी सांगितलं तर ती दहा मिनिटं जाणार होती. नाही सांगितलं तर बाबांना मी फसवत होते, आणि तेही फक्त मलाच माहीत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारलं, "काहून वं, लागला काही पत्ता?" मी सांगून टाकलं. आई निवडत असलेली मेथी निवडत राहिली.

"दाखव," बाबा म्हणाले.

मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. तिघांनी पूर्ण भाग पाहिला. दिवे गेले, आले. बाबांनी मला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदाही दिवे गेले आणि आले.

"आता झालं तुमचं," आई म्हणाली.

बाबांनी मोबाइल उचलून मला परत दिला. "लाइन गेली अन् आली, तेवढ्यात माणूस बदलते काय? मी रोज लाइनीचंच काम करतो. मले पटलं नाही."

"पण बाबा, ते बदलले," मी म्हणाले.

"टीव्हीवर आलं नाही ना? मंग नाही धरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजर वाजला. आईने दारात पाय पसरले आणि कपात फुंकर घातली. चहा काळाच होता.