करदोड्यासकट वजन

शेवंती हट्टी बाई. मूळची रत्नागिरीकडची, राहायला भाईंदरला, आणि चौक या कोळ्यांच्या गावात अंगणवाडीची सेविका. वजनाच्या दिवशी आधी पोराचा चांदीचा करदोडा आणि वाळे निघायचे, मगच पोर काट्याच्या झोळीत. कोळणींना ते मुळीच खपायचं नाही. दृष्ट लागते म्हणे! शेवंती करदोडा मुठीत धरून म्हणायची, "हा बघ, माझ्याच हातात आहे. वजन पोरीचं करायचंय, चांदीचं नाही." बाया हसायच्या आणि काढू द्यायच्या.

हंसाची अंबिका दोन वर्षांची, वजन सात किलो शंभर. तक्त्यावर लाल रेघेच्या खाली, म्हणून तिला दुप्पट आहार. हंसा पहाटेच मासळी विकायला जायची. त्या दुसऱ्या वाटीवर पोरीची दुपार निघायची.

दोन हजार सहा साली अंगणवाड्यांचं मूल्यमापन निघालं. पर्यवेक्षिका नीलम मॅडमनी तक्ता बघितला आणि भडकल्याच. "शेजारच्या अंगणवाडीत एक पण लाल नाही, आणि तुमच्याकडे चार? करता काय तुम्ही?"

"मॅडम, तिथे चांदीसकट तोलतात."

"मग तुम्हाला कोणी अडवलंय? पुढच्या महिन्यात लाल दिसलं तर सेविका बदलणार."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवंतीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. कुठवर ताठ राहणार?

पुढच्या वजनाला हंसानेच सवयीने करदोड्याला हात घातला.

"राहू दे गं."

"का गं बाय? तूच तं काढाया लावतेस."

"राहू दे म्हणते ना!"

वाळे, करदोडा, अंगातला फ्रॉक. काटा सात किलो चारशेवर थांबला. चारही पोरं लाल रेघेच्या वर आली. शेवंतीला 'उत्कृष्ट सेविका' म्हणून प्रमाणपत्र मिळालं, शाल मिळाली, फोटोही निघाला.

दुसऱ्या दिवसापासून अंबिकाची दुसरी वाटी बंद. पोर रिकामी वाटी पुढे करून बसून राहायची. मेली शेवंती तिच्याकडे बघायचीच नाही.

"बाई, दुसरी वाटी का न्हाय?" हंसाने विचारलं.

"तुझी पोर सुधारली ना," शेवंती म्हणाली.

हंसाचा चेहरा असा काही फुलला! दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदराखाली दोन ताजे पापलेट घेऊन अंगणवाडीच्या दारात हजर. "माझी पोर तू सुधारलीस बाय. न्हाय म्हनू नको."

शेवंतीने पापलेट घेतले. नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं.