नऊ बोटांची आई

निपाणीच्या यशपाल सरांना मराठी, कन्नड, उर्दू आणि पाली अशा चार भाषा येतात, आणि चारही भाषांत गप्प बसता येतं. हे त्यांची मुलगी समता वैतागून सांगते. सरांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या कवितांचं पुस्तक काढायचं तिनं मनावर घेतलं आणि पहिल्याच कवितेशी अडली.

कविता तिला तोंडपाठ होती. तंबाखूच्या वखारीत राबणारी नऊ बोटांची आई. दहा वर्षांची असताना, आजी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धविहारात तिनंच ती म्हटली होती. पण आजीला तर दहाच्या दहा बोटं होती. विचारलं की सर म्हणत, "कवितेत चालतं." आता छापायची म्हटल्यावर तिला राहवेना. तिनं मूळ कागद मागितला.

"फाडला," सर म्हणाले. "भीमाप्पाला विचार."

भीमाप्पा म्हणजे सरांच्याच शाळेतले कन्नडचे मास्तर. एके वर्षी सीमेच्या वादावरून गावात दगडफेक झाली आणि शिक्षकांच्या खोलीतही दोन तट पडले. तेव्हा या दोघांनी एक खूळ काढलं. दर रविवारी एकानं कविता द्यायची, दुसऱ्यानं ती आपल्या भाषेत न्यायची आणि मूळ कागद दोघांनी मिळून फाडायचा. कविता कुणाची, हा वादच नको. कुठल्या गावात पाटी मराठीत की कन्नडात यावरून भांडण पेटलं की दोघं एकाच स्कूटरवरून जायचे. मराठी पोरांशी भीमाप्पा बोलायचे, कन्नड पोरांशी सर. पोरं आधी चक्रावायची, मग ऐकायची. सगळं शहाणपणाचंच, पण पुस्तक करणाऱ्या लेकीच्या डोक्याला ताप.

समता भीमाप्पांच्या घरी गेली. त्यांनी चहा पुढं सरकवला.

"आप्पा, नऊ बोटांची आई कुणाची?"

"माझी. यल्लव्वा. वखारीच्या दारात चेंगरून करंगळी गेलती तिची. कविता मी कन्नडात लिवली, यशपालनं मराठीत नेली."

इतकी वर्षं आजी म्हणून जिला जपलं, ती दुसऱ्याच घरची निघाली. तिला बापाचा रागच आला.

"मग त्या दिवशी विहारात मला अडवलं का न्हाय कुणी?"

"यशपाल उठलावता अडवायला. मीच त्याचा हात धरला." भीमाप्पा म्हणाले. "त्या दगडफेकीच्या आठवड्यातच आमची आई गेली गं. संचारबंदी. चौघांनी उचललं नि गुमान नेलं. तिच्यासाठी कोण एक शब्द बोललं न्हाय. तू म्हणायला लागलीस नि अख्खा विहार रडाय लागला. म्हटलं, रडू देत. माझ्या आईसाठीच रडत्यात की."

समताचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं कपबशी खाली ठेवली, उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून ती कविता म्हणू लागली. या खेपेला ती कुणासाठी म्हणतेय, हे दोघांनाही ठाऊक होतं.