वेंडेलच्या दारातला बोकड

सिदी इफ्नीत धुकं घरच्या माणसासारखं वागतं. समुद्रावरून उठतं, पायऱ्या चढून गावात येतं आणि मी वाळत घातलेल्या चादरींत शिरून बसतं. माझं घर जुन्या विमानतळाला लागून आहे. विमानं कधीची बंद झाली. आता त्या माळाच्या एका टोकाला बकऱ्या चरतात, दुसऱ्या टोकाला आमच्या क्लबचं फुटबॉलचं मैदान आहे. माझ्या गच्चीवरून ते सगळं दिसतं, म्हणजे धुकं दिसू देईल तेवढं.

वेंडेल आला तो असाच एका पांढऱ्या सकाळी. क्लबनं अमेरिकेचा एक खेळाडू आणलाय आणि तो तुमच्या गच्चीवरच्या खोलीत राहील, एवढाच निरोप मला होता. दार उघडलं तर समोर नुसती छाती. डोकं वर कुठेतरी धुक्यात.

"मावशी, आत येऊ?" वरून आवाज आला. एवढं बोलायला त्याला बसमध्ये कुणीतरी शिकवलं होतं.

"आधी वाक, मग ये," मी म्हटलं. पण ते त्याला कुठलं कळायला! चौकट कपाळाला लागली तेव्हा कळलं.

अशी आमची ओळख. बोलणं मात्र हळूहळू वाढलं, बदाम फोडता फोडता. मी आम्लूसाठी, म्हणजे आमच्या बदाम-मधाच्या चटणीसाठी, बदाम भाजून वाटायला घेतले की तो खाली येऊन बसायचा, आणि त्या वाटणाच्या वासात त्याचं आयुष्य थोडं थोडं बाहेर पडायचं. त्याचं गाव मक्याच्या शेतांत होतं. इतकं सपाट, की कुणी परगावी निघालं तर दिवसभर पाठमोरं दिसत राहावं, असं तो म्हणायचा. तिकडच्या मोठ्या क्लबांनी त्याला घेतलं नाही. मग तो आइसलँडला गेला, तिथून फिनलंडला, मग सायप्रसला, मग बहारीनला. प्रत्येक ठिकाणी एक खोली, एक कढई, एक चमचा. एखादा हंगाम, फार तर दोन. मग हस्तांदोलन आणि पिशवी.

मी तर जवळच्या अगादीर शहराच्या पलीकडे गेलेली नाही. पण त्याची ती गावं मला झोपेत दिसायला लागली, तीही सगळी सरमिसळ होऊन. बर्फात खजुरीची झाडं उभी आहेत, मक्याच्या शेतात मेंढ्या बुडाल्या आहेत आणि मधूनच एक उंच माणूस हातात कढई घेऊन चाललाय. सकाळी सांगितलं की तो पोट धरून हसायचा. "मावशी, अगदी असंच होतं," म्हणायचा.

"तू मैदानात करतोस तरी काय?" मी एकदा विचारलं. मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"मी मागे उभा राहतो. काही होऊ देत नाही."

"अगदी माझ्या नवऱ्यासारखं," मी म्हटलं. "त्यानंही उभ्या जन्मात काही होऊ दिलं नाही."

पण तो उभा राहायचा ते बघण्यासारखं असायचं, हे मी नाकारणार नाही. बाकीची पोरं चेंडूमागे धावून धावून दमायची. हा आपला दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडे, आणि चेंडू आपणहून येऊन त्याच्या पायाशी थांबायचा. आमची मागची फळी म्हणजे नुसता गोंधळ होता. त्यानं त्या पोरांना ओळीत उभं राहायला शिकवलं. शेजारच्या तुदाचा मुलगा जामा सगळ्यात उतावळा, सारखा पुढे पळायचा. वेंडेल त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला मागे ओढायचा, अगदी लहान पोराला विहिरीच्या काठावरून ओढावं तसं.

तीन वर्षं राहिला. इतका कुठेच राहिला नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याचा उजवा गुडघा गेला. जिना उतरताना तो भिंतीला हात लावतो हे मी आधी पाहिलं आणि मग त्याला बोलतं केलं. अगादीरच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर बरा माणूस होता, पण बोलायला कडू. "आता एक जोराची धाव, आणि हा गुडघा संपला," म्हणाला. "खेळणं तर सोडाच, काठीशिवाय बाजारात जाता येणार नाही." परतीच्या बसमध्ये वेंडेल खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी त्याला संत्री सोलून दिली, ती त्यानं खाल्ली नाहीत. उतरल्याबरोबर तो कोचकडे गेला आणि सांगितलं, मी आता खेळणार नाही.

हंगामाचा एकच सामना उरला होता, रविवारचा. तो हरलो तर आमचा क्लब खालच्या गटात घसरणार होता आणि खालच्या गटात चालवायची क्लबची ऐपत नव्हती. म्हणजे क्लब बंद. आता परक्याला वाटेल, बंद तर बंद, एवढं काय त्यात! पण आमच्या बायकांना विचारा. इथे तरण्या पोरांना करायला दोनच गोष्टी. एक फुटबॉल, आणि दुसरी कॅनरी बेटांकडे चोरून निघणारी होडी. त्या होडीतून पोचलेल्यांचे फोन येतात. बाकीच्यांचे येत नाहीत.

शुक्रवारी सकाळी दारात कालवा ऐकू आला म्हणून मी खाली गेले, तर उंबऱ्यावर रक्त. तुदा आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका डोक्यावर पदर ओढून उभ्या होत्या, आणि बोकड कापून माझ्या दारात आडवा घातला होता.

"अगं ए तुदा, हे काय केलंस?"

"तुझ्यावर नाही टाकलाय, रकिया. वर राहतो त्याच्यावर टाकलाय. तू बाजूला हो."

आमच्याकडे याला आर म्हणतात. दारात रक्त सांडून मागितलं की घरातल्यानं नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर सगळी लाज त्याच्या माथी, आणि लाजेपेक्षाही वाईट जे काही असतं ते. मी तुदाला हाताला धरून बाहेर काढणार, तेवढ्यात वेंडेल अनवाणी खाली आला. बायका बघितल्या, बोकड बघितला. त्याचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! त्याला वाटलं, निरोपाची भेट आणलीय. हात छातीवर ठेवून प्रत्येकीपुढे वाकला, "अल्ला तुमचं भलं करो" म्हणाला आणि बोकड उचलून आत घेऊन आला.

झालं! घेतला म्हणजे रविवारी खेळायचं कबूल केलं. बाहेर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

मी त्याला स्वयंपाकघरात बसवला आणि त्यानं काय करून ठेवलंय ते सांगितलं. "अरे शहाण्या, निदान विचारायचंस तरी! पण काळजी करू नकोस. तू परका आहेस, तुला ठाऊक नव्हतं. मी बोकड परत नेऊन देते. मला शिव्या घालतील, घालू देत."

त्यानं बोकड उचलून ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "परत नको, मावशी. मी खेळतो."

"डोकं फिरलंय का तुझं? गुडघा तुझा आहे. त्यांचं काय गेलं? एक बोकड!"

"मावशी, मी इतक्या गावांतून निघालो. मला कुणी कधी 'जाऊ नको' म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही." तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "इथे माझ्या दारात येऊन मागतायत. जामाच्या आईला मी काय सांगू?"

तुदाचं तरी काय चुकलं होतं? मला मुलगा असता तर मी बोकड काय, बैल आणला असता. पण मला मुलगा नाही. वरच्या खोलीत हा एक लांबडा भाडेकरू आहे आणि त्यानं काठी टेकत बाजारात जावं हे मला बघवणार नव्हतं. बस्स. मी चपला घातल्या आणि तडक मासळीबाजार गाठला.

क्लबचे अध्यक्ष हाज बेल्ला तिथेच सापडतात, सार्डिनच्या पेट्यांमध्ये. मला बघून म्हणाले, "या, रकियाबाई! ऐकलं मी. पोरगा खेळतोय म्हणे, अल्लाची कृपा."

"हाजी, त्याला खेळवू नका."

"अहो, असं कसं? सगळं गाव..."

मी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्यांच्या पायापाशी ओल्या फरशीवर टाकला. माझे पांढरे केस सगळ्या बाजारासमोर मोकळे झाले. लग्न झाल्यापासून परक्या पुरुषानं ते पाहिले नव्हते. बर्फ फोडणारा माणूस फोडायचा थांबला.

"हा तुमच्यावर टाकला," मी म्हटलं. "आता म्हणा नाही."

"हे काय करताय, बाई!" हाजींनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. "उचला तो रुमाल! उचला आधी! आईशप्पथ, नाही खेळवत. यादीतून नाव काढतो. उचला हो!"

घरी येऊन मी वेंडेलला सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. मला वाटलं, रागावेल, आरडाओरडा करेल. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मावशी, ते माझं मागणं होतं," म्हणाला. "माझ्या दारात आलेलं."

वर गेला आणि दार लावून घेतलं. दोन दिवस जेवायला उतरला नाही. तुदा खिडकीतून मला ऐकू जाईल असं म्हणाली, "स्वतःच्या पोटचं नसलं की दुसऱ्याचं बुडवायला काही वाटत नाही." लागलं ते मला, फार लागलं.

रविवारी दुपारी धुकं उतरलं ते असं, की गच्चीवरून मला माझाच कठडा दिसेना. खाली लोक जमल्याची नुसती गुणगुण येत होती, पाण्याखालून यावी तशी. पंच दोनदा मैदान बघून गेला म्हणे, आणि मग म्हणाला, खेळा. शिट्टी वाजली. आणि वरच्या खोलीचं दार उघडलं.

वेंडेलनं सगळा पोशाख चढवला होता. क्लबचा निळा सदरा, लांब मोजे, बूट. माझ्याकडे न बघता आला, कठड्याला दोन्ही हात लावून उभा राहिला आणि डोळे मिटले. मी पायरीवर बसून राहिले. खालून धप्प आवाज आला की त्याची मान त्या बाजूला वळायची. पावलांचा लोंढा डावीकडून उजवीकडे गेला की त्याचा खांदा हलायचा. कितीतरी वेळ असाच उभा होता. मला वाटलं, झोपेत चालणारं माणूस जागं करायचं नसतं, आपण गप्प बसावं.

मग एकदम त्याच्या छातीतून आवाज फुटला. "ओळ धरा! जामा, मागे ये! मागे!"

खाली सगळं थबकल्यासारखं झालं. आणि मग पावलं खरंच मागे आली. मी ऐकली.

"बॉल वरून येतोय, सोडा! गोली, तुझा! आता बाहेर पडा, सगळे एकदम!"

धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडून येतो. नंतर कळलं, समोरच्या संघानं पंचाकडे तक्रार केली, हा कोण ओरडतोय? पंचानं आमच्या लोकांना विचारलं. कुणी समुद्राकडे बोट दाखवलं, कुणी मशिदीकडे. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, आमच्याकडे धुकं बोलतं." वेंडेलनं मात्र आवाज उतरवला नाही. घामानं निथळत होता. डावा पाय पुढे, उजवा मागे, जागच्या जागी एकेक पाऊल सरकत होता, आणि मी डोळे मिटले की मला दिसायचं, तो खालीच आहे, पोरांच्या मधोमध.

दुसरा डाव निम्मा झाला असेल. खाली पुन्हा लोंढा आला, जोराचा. वेंडेलनं श्वास भरला, तोंड उघडलं. आणि त्याच्या आधी खालून हाक आली, "ओळ धरा! मागे! मागे या!"

जामाचा आवाज. लोंढा आला तसा विरून गेला. पुन्हा आला, पुन्हा जामा, "सोडा! गोली, तुझा!" शब्द वेंडेलचेच, वेळही त्याचीच.

वेंडेलनं उघडलेलं तोंड मिटलं. थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. मग कठड्याला पाठ लावून खाली बसला, आणि उरलेल्या सगळ्या सामन्यात त्यानं एकही शब्द काढला नाही. गरजच पडली नाही.

शून्य-शून्य. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. शेवटची शिट्टी झाली तशी मैदानातून बायकांची किलकारी उठली आणि थोड्या वेळानं गल्लीतून तुदाचा फाटका आवाज आला, "वेंडेल! फिटलं रे बाळा, फिटलं!"

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मावशी, संपलं माझं."

"काय संपलं?"

"खेळणं."

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. काय म्हणून आवरू? त्याचा उजवा पाय वाकत नव्हता. त्यानं तो माझ्यापुढे केला. मी फरशीवर बसून गाठ सोडली, धुक्यानं भिजलेला एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही कठड्यावर उपडे ठेवले.

"उद्या लागणार नाहीत ते," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "पण ओले ठेवले की वास मारतात."